डकोटा जमीन सोडते तेव्हा

ग्वाल्हेरात राहणाऱ्याला विमानाच्या आवाजाचे कौतुक नाही. महाराजपूरच्या तळावर १९८५ मध्ये मिराज विमाने आली, तेव्हापासून ती डोक्यावरून गेली की गुरुजी वाक्य अर्धवट सोडून थांबतात आणि आवाज विरला की पुढे सुरू करतात. पण विमान पडल्याची बातमी आली, की गावात प्रत्येक जण तज्ज्ञ होतो. ३० सप्टेंबर २००१ रोजी मैनपुरीजवळच्या अपघातात माधवराव शिंदे गेले, तेव्हा चौकाचौकांत किती तर्क ऐकले ते वडीलधाऱ्यांना विचारा. म्हणून या वेळी आम्ही जुन्या डकोटा विमानाचे दोन अपघात घेतले आहेत. दोन्ही उड्डाणाच्या वेळचे, पण कारणे अगदी निराळी.

पहिला २१ जुलै २०१८ चा, अमेरिकेत टेक्सासमधील बर्नेट येथला. दुसऱ्या महायुद्धातली, जतन करून ठेवलेली ही डकोटा एका मोठ्या विमान मेळाव्याला निघाली होती. आत १३ माणसे होती. धावपट्टीवर ती आधी उजवीकडे सरकली, मग एकदम डावीकडे वळली, जरा उचलली गेली, डावा पंख जमिनीला घासला आणि आग लागली. सर्व १३ जण जिवंत बाहेर पडले. चित्रफीत पाहिलेल्या बहुतेकांचा पहिला तर्क एकच: "विमान म्हातारे झाले होते!"

पण म्हातारपण हे कारण नव्हे. नेमका कोणता भाग निकामी झाला हे सांगता आले, तरच त्याला कारण म्हणता येईल. इथे तर डकोटाची घडणच पाहायला हवी. तिची दोन मोठी चाके पुढे आणि एक लहान चाक शेपटीखाली असते, आणि वजनाचा मध्य मोठ्या चाकांच्या किंचित मागे पडतो. हातगाडी ओढून पाहा आणि मग तीच ढकलून पाहा. ओढताना ती मुकाट्याने मागे येते, ढकलताना जरा वाकडी झाली की आणखी वाकडी होते. डकोटाचे तसेच आहे. विमान थोडे वळले, की मागचे वजन पुढे येऊ पाहते आणि वळण वाढतच जाते. त्यात दोन्ही इंजिनांचे पंखे एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे उड्डाणाच्या वेळी नाक डावीकडे ओढ घेते. वैमानिकाला पायाने सुकाणू दाबून ते सरळ ठेवावे लागते. वेग कमी असताना सुकाणूवर वाराच नसतो, म्हणून सुरुवातीला शेपटीच्या चाकाची खीळ लावून ते सरळ पक्के करतात.

आता उजवीकडे सरकणारे विमान आवरायला कोणी घाईने डावा पाय जास्त दाबला, तर आधीची डावी ओढ आणि हा दाब एकत्र येतात. घाबरून नाक वर खेचले आणि वेग पुरेसा नसला, तर पंखाखालचा आधार सुटतो आणि पंख खाली झुकतो. चित्रफितीत दिसले ते या क्रमाशी जुळते. अमेरिकी तपासाचा निष्कर्षही दिशेवरचा ताबा सुटल्याचाच होता. इंजिनाकडे बोट दाखवणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहिलाच नाही, असे आम्हाला वाटते.

दुसरा अपघात आपल्या मराठी मुलखातला, नागपूरचा. १९४९ पासून रात्रीची टपाल विमाने चालू झाली होती. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रासची विमाने मध्यरात्री नागपूरला भेटत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी बदलत आणि पहाटेपूर्वी परत फिरत. नकाशावर दिल्ली-नागपूर रेघ ओढा, ती ग्वाल्हेरच्या जवळूनच जाते. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासला निघालेल्या डकोटाच्या एका इंजिनाची शक्ती उड्डाण होताच गेली. वैमानिकाने अंधारात खाली उतरण्याचा प्रयत्न केला. १४ पैकी १३ जण गेले, त्यांत मजूर नेते व खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. वाचला तो एकटा वैमानिक.

"दुसरे इंजिन होते ना?" हा प्रश्न तुम्ही विचारणारच. होते, आणि पुरेशा उंचीवर, पुरेशा वेगात डकोटा एका इंजिनावर चांगली उडते. जमीन सोडल्यानंतरच्या काही सेकंदांत मात्र वेग कमी असतो, चाके अजून बाहेर असतात, टाकीत सगळे इंधन असते. बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा वाऱ्याने फिरत राहतो आणि ब्रेकसारखा मागे ओढतो. त्याची पाती वळवून वाऱ्याला कड द्यावी लागते. चालू इंजिन विमानाला एका बाजूला फिरवू लागते, ते सुकाणूने थोपवायचे. आणि हे सर्व करण्याआधी कोणते इंजिन गेले ते अचूक ओळखायचे, कारण चुकून चांगलेच इंजिन बंद केले तर संपले! दिवसा निदान मोकळे शेत तरी दिसते. डिसेंबरच्या रात्री समोर फक्त काळोख. अशा वेळी वैमानिकाने काय करायला हवे होते हे घरात बसून, चहाचा कप हातात घेऊन सांगणे फार सोपे आहे.

इंजिन का थांबते, यालाही एकच उत्तर नसते. इंधनात पाणी, कार्बुरेटरमध्ये बर्फ, तेलाची गळती, १४ सिलिंडरांपैकी एखादे फुटणे, असे बरेच काही असू शकते. तपास करणारे इंजिन उघडतात, तेलाच्या गाळणीत धातूचा चुरा शोधतात, पात्यांचे वाकणे पाहतात. जमिनीला लागताना पंखा जोरात फिरत असेल तर पाती एका तऱ्हेने वाकतात, थांबलेला असेल तर दुसऱ्या.

भारतीय वायुसेनेला २०१८ मध्ये दुरुस्त केलेली एक डकोटा भेट मिळाली. 'परशुराम' नावाच्या या विमानावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या पहिल्या डकोटाचा तो क्रमांक. ते उडताना दिसले तर त्याचे शेपटीचे चाक केव्हा उचलले जाते तेवढे पाहा. मोठी चाके जमिनीवर असतानाच शेपटी वर येते, आणि तिथून पुढे दिशा सांभाळायला सुकाणूच उरते.