ट्रक गेल्यानंतरचं काम

२०२५च्या सप्टेंबरात सीना नदीचं पाणी शिवारात शिरलं. पाठोपाठ धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा-भूमकडे मदतीचे ट्रक आले. किटच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांचे फोटो होते. वाटप झालं, चित्रीकरण झालं, गाड्या परतल्या. मागे राहिली खरडून गेलेली जमीन आणि तहसीलच्या खेपा. हे पाहून जीव जळाला, कारण याच जिल्ह्यात आपत्तीनंतर गावात राहून काम करणारी माणसं मी पाहिली आहेत.

पानशेतचा पूर, कोयनेचा भूकंप हे माझ्यासाठी ऐकीव. बहात्तरचा दुष्काळ आठवतो तो खडी फोडणाऱ्या बायकांपुरता. माझ्या संस्थेतल्या कामाचं दशक सुरू होतं ३० सप्टेंबर १९९३ला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद अंगावर आलं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत जवळपास आठ हजार माणसं गेली.

पहिल्या पंधरवड्यात मदतीचा पूर होता. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पावसात कुजत होते आणि बघ्यांच्या गाड्यांनी ॲम्ब्युलन्सची वाट अडत होती. ती गर्दी ओसरल्यावर खरं काम सुरू झालं. भारतीय जैन संघटनेने शेकडो मुलं शिकायला पुण्याला नेली. ज्ञान प्रबोधिनीने हराळीत मुक्काम ठोकला, तो आजही आहे. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. टाटा समाजविज्ञान संस्थेची पोरं-पोरी वह्या घेऊन पत्र्याच्या शेडमधून फिरत होती.

त्या वह्यांत काय लिहिलं जातं, यावर एकेका घराचं नशीब ठरत होतं. ५२ गावं नव्या जागी हलवायची होती आणि घराचं माप जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. म्हणजे भूकंपाने सगळ्यांना एका पातळीवर आणलं आणि कागदाने पुन्हा उतरंड रचली. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तीन भाऊ, चूल एक की तीन? नवरा गेलेली सून वेगळं कुटुंब की सासऱ्याच्या नावाखाली? एका शेडमध्ये दीर कोऱ्या कागदावर भावजयीचा अंगठा घ्यायला बसला होता. तिच्याजवळ बसलेली कार्यकर्ती जागची हलली नाही. ‘ताई, वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही,’ एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिन्हीसांजेला दीर कागद घेऊन निघून गेला. कुठल्याही अहवालात न येणारं हे काम त्या बाईचं घर वाचवून गेलं.

आम्हाला ‘संस्थावाले’ म्हणून हिणवणारे तेव्हाही होते. त्यांतल्याच काहींनी गाव दत्तक घेऊन सरळ रेषेत घरं उभी केली, कोनशिला बसवली आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. परसू नाही, जनावराला जागा नाही, शेत कोसांवर.

जी गावं जागीच राहिली, तिथे वेगळं घडलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगाने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ केलं. चार बुकं न शिकलेली बाई टेप घेऊन गवंड्यासमोर उभी राही. भिंतीत आरपार जाणारा दगड बसवला का, कोपरे बांधले का, माळवदावरची माती कमी केली का, हे विचारल्याशिवाय ती सोडत नसे. २००१मध्ये भूज हादरलं, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) या बायका कच्छला गेल्या. आपल्यासारख्याच घर गमावलेल्या बायकांना त्यांनी सांगितलं: यादी मागा, ग्रामसभेत बोला, घर स्वतः उभं राहून बांधून घ्या.

पुढे माळीण, तळीये, इर्शाळवाडीत दरडी कोसळल्या. प्रत्येक वेळी मदत पोचली आणि माणसं लवकर परतली. आता देणगीदाराला फोटो हवा आणि प्रकल्प तीन महिन्यांत संपायला हवा. तरुण कार्यकर्त्याचा पगार त्या हिशेबात बसत नाही.

या पुरानंतर परंडा तालुक्यात एक बाई भेटली. सातबारा अजून मेलेल्या सासऱ्याच्या नावावर, नवराही नाही. वारस नोंद झाल्याशिवाय अनुदान खात्यावर येणार नाही. तलाठी सापडत नाही, ई-केवायसीला अंगठा उमटत नाही. तिला गव्हाची पिशवी तीनदा मिळाली होती. तहसीलला सोबत यायला मात्र कुणी नव्हतं. आपत्ती आलेल्या प्रत्येक गावात वर्षभर राहणारा एक पगारी कार्यकर्ता सरकारने नेमावा आणि त्याचा खर्च मदतीच्या पहिल्या आदेशातच मांडावा.