वर्तुळ जुळत नाही : घरी बांधलेलं सीएनसी यंत्र आणि कारणाचा शोध

तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस सुतारकामाच्या यंत्रावर काय बोलणार, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. शंका रास्त आहे. मोटार कशी गुंडाळतात ते मी सांगणार नाही. पण बिघाड शोधणं हे अनुमानाचं काम आहे, आणि अनुमान हा आमचा जुना धंदा.

आधी यंत्र काय ते सांगतो. सुताराच्या हातातला राऊटर तुम्ही पाहिला असेल. गोल फिरणारं पातं, लाकडात खाच पाडतं, नक्षी काढतं. तोच राऊटर हातातून काढून एका पुलावर बसवायचा. पूल मागे-पुढे जातो, राऊटर त्यावर डावी-उजवीकडे आणि वर-खाली जातो. या तिन्ही दिशांना मोटारी, आणि मोटारींना हुकूम देणारा संगणक. झालं सीएनसी राऊटर. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीने आकड्यांच्या हुकमावर चालणारं मिलिंग यंत्र दाखवलं, तेव्हा ते मोठ्या संस्थेलाच परवडणारं होतं. आता २००९ पासून जीआरबीएल नावाचा मोफत प्रोग्राम आहे, तो तळहाताएवढ्या आर्डुइनो बोर्डावर चालतो. आपल्या महाराष्ट्रात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, हाताने काम करत शिकायचं म्हणून. एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये त्याच खेड्यात उभी राहिली. म्हणजे ही यंत्रं आपल्या पोरांना परकी नाहीत.

आणि चंद्रपूर-गडचिरोलीत तर लाकूडच सागवान! २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेलं, ती मिरवणूक तुमच्यातल्या अनेकांनी पाहिली असेल. अशा लाकडाची एक फळी वाया गेली तर काय होतं, हे इथे कोणाला सांगायला नको.

तर उदाहरण घेऊ. एक आयटीआय झालेला तरुण. उधारी करून सुटे भाग आणले, यंत्र बांधलं, दरवाजांच्या नक्षीची ऑर्डर घेतली. नक्षीच्या मधोमध मोठं वर्तुळ. पातं जिथून निघालं तिथेच परत यायला हवं ना? ते येईना. सुरुवात आणि शेवट यांत दोन-तीन मिलिमीटरचं अंतर पडायचं. रोज नाही, अधूनमधून. तीन फळ्या गेल्या. जो तो येऊन कारण सांगून जाई. कोणी म्हणे मोटार कमजोर, कोणी म्हणे बोर्डच हलका. या तरुणाने एका रात्रीत मोटार बदलली, पट्टा ताणला, प्रोग्राममधला वेगही कमी केला. सकाळी वर्तुळ जुळलं. कशाने जुळलं? सांगता येईना. दोन दिवसांनी पुन्हा बिघडलं.

मग त्याच्या लक्षात आलं की कॉलेज करून दुपारी कामाला येणारा मदतनीस मुलगा असला की चूक होते. सकाळी तो नसतो, तेव्हा काम चोख. पोरगा फळी नीट आवळत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि त्याला उद्यापासून येऊ नको म्हणायची वेळ आली.

इथे जरा थांबू. हा निष्कर्ष मूर्खपणाचा नाही, हे लक्षात घ्या. नैयायिक ज्याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात, ते दोन्ही इथे दिसतंय. मुलगा आहे तिथे चूक आहे, मुलगा नाही तिथे चूक नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात कारण शोधायच्या ज्या रीती मांडल्या, त्यांतल्या दोन वरवर पाहता इथे लागू होतात. तरी निष्कर्ष चूक असू शकतो. का?

अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यांनी वाचला असेल त्यांना 'उपाधी' हा शब्द आठवेल. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे बरोबर. पण उलट, अग्नी आहे म्हणून धूर आहे असं म्हटलं तर? लाल तापलेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं जळण लागतं. हे ओलं जळण म्हणजे उपाधी. जिथे जिथे साध्य, तिथे तिथे उपाधी असते. पण जिथे जिथे हेतू, तिथे तिथे ती असतेच असं नाही. आता आपल्याकडे हेतू म्हणजे मुलगा आणि साध्य म्हणजे चूक. प्रत्येक चुकीच्या वेळी हजर असलेलं, पण मुलाशी बांधलेलं नसलेलं असं काही आहे का? मुलगा दुपारी येतो. चंद्रपूरची मे महिन्यातली दुपार! पारा पंचेचाळीसच्या वर. आणि मोटारींना वीज पुरवणारे ड्रायव्हर कुठे होते? भुसा आत जाऊ नये म्हणून लाकडी पेटीत, झाकण लावून. ड्रायव्हरची चिप फार तापली की स्वतःला वाचवायला क्षणभर बंद पडते. तेवढ्यात मोटारीची काही पावलं हुकतात.

आणि यंत्राला ते कळत नाही. ही गंमत समजून घ्या. या स्टेपर मोटारी पावलांनी चालतात, एका फेऱ्याला साधारण २०० पावलं. संगणक 'चाल' म्हणतो आणि ती चालली असं धरून पुढे जातो. गेली का, हे विचारत नाही. प्रमाण न तपासता ठेवलेली श्रद्धा म्हणा हवं तर.

मग परीक्षा कशी घ्यायची? मुलाला घरी ठेवून भर दुपारी यंत्र चालवलं. चूक आली. पेटी उघडून पंखा लावला आणि मुलाला फळी आवळायला सांगितली. चूक जवळजवळ गेली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, याचा अर्थ हा. पोराची नोकरी दोन दुपारच्या प्रयोगांनी वाचली.

'जवळजवळ' म्हणालो. अर्ध्या मिलिमीटरची चूक उरलीच होती. इथे माणसं घाईने म्हणतात, 'म्हणजे पंख्याचा उपाय खोटा.' तसं नव्हे. बिघाड दोन असू शकतात. एकाचा वाटा वजा करा आणि उरलेल्याचं कारण वेगळं शोधा, हेही मिलनेच सांगितलंय. मोटारीच्या दांड्यावर दात्यांची पुली असते, ती एका बारीक स्क्रूने आवळलेली असते. त्याने मार्करने पुली आणि दांडा दोन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ मारली. तासाभराने रेघ तुटलेली दिसली; पुली सरकत होती. इथे अनुमानाची गरजच उरली नाही, प्रत्यक्षच झालं.

आता चुकीचा स्वभाव कसा ओळखायचा ते सांगतो, कारण बहुतेकांचा वेळ इथे वाचतो. राऊटरच्या जागी पेन बांधा आणि कागदावर रेघा काढा. १०० मिलिमीटरला एक कमी आणि २०० ला दोन कमी पडत असेल, म्हणजे लांबीबरोबर चूक वाढत असेल, तर हिशोब चुकलाय. २०० पावलं, ड्रायव्हरवर प्रत्येकाचे आठ तुकडे, म्हणजे फेऱ्याला १६००. दोन मिलिमीटर अंतराच्या २० दात्यांची पुली फेऱ्याला ४० मिलिमीटर नेते. म्हणून मिलिमीटरला ४० पावलं. पुली १६ दात्यांची निघाली तर तुमचे १०० मिलिमीटर ८० होतील. पण रेघ लहान असो की मोठी, दिशा उलटली की तेवढीच चूक येत असेल, तर स्क्रू-नटात नाहीतर पट्ट्यात ढिलाई आहे. वर्तुळाच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे चपटे डाग दिसतील, कारण तिथेच एकेक दिशा उलटते. वर्तुळ तिरपं लांबट आलं तर पूल काटकोनात नाही. मोठा चौकोन काढून दोन्ही कर्ण मोजा. सुताराचा गुण्याही चालेल, पण कर्ण जास्त खरं सांगतात. आणि चूक साठत जात असेल तर पावलं हुकताहेत किंवा काही सरकतंय, आपल्या तरुणासारखं.

पिएर द्युएम नावाच्या फ्रेंच भौतिकज्ञाने १९०६ मध्ये घड्याळजी आणि वैद्य यांचा एक दृष्टांत दिला होता. बंद घड्याळ आलं की घड्याळजी चाकं सुटी करून एकेक तपासतो. वैद्याला रोगी फोडून पाहता येत नाही, सगळ्या शरीराच्या लक्षणांवरून अंदाज करावा लागतो. द्युएमच्या मते भौतिकशास्त्र रोग्यासारखं असतं, एकटी कल्पना सुटी काढून तपासता येत नाही. मला विचाराल तर आपलं यंत्र दोन्ही आहे. पुली सुटी करून पाहता येते. पण राऊटर चालू असतानाच येणारा बिघाड यंत्र सुटं केलं की नाहीसा होतो. राऊटरच्या मोटारीतल्या कार्बन ब्रशच्या ठिणग्यांमुळे तारांत विजेचा गोंगाट शिरतो आणि टोकाला लावलेला स्विच दाबला गेला असं बोर्डाला वाटतं. मग यंत्र मध्येच थांबतं. तोच प्रोग्राम हवेत, पातं लाकडापासून वर ठेवून, एकदा राऊटर चालू आणि एकदा बंद असा चालवा. फरक दिसला तर तारा वेगळ्या करा, आवरणाची तार वापरा.

हात घालण्यापूर्वी प्लग काढा. वीज चालू असताना मोटारीची तार कधी सोडू नका, ड्रायव्हर जळतो. आणि सागवानाचा भुसा त्वचेला, छातीला त्रास देतो, मास्क लावा.

एक प्रश्न आलाय की, 'सर, माझं यंत्र पावसाळ्यातच बिघडतं, उन्हाळ्यात ठीक असतं.' सांगाडा कशाचा आहे? एमडीएफचा. मग ड्रायव्हरकडे नंतर बघू. एमडीएफ आणि प्लाय दमट हवेत फुगतात. मे महिन्यात मोजलेले कर्ण कुठे लिहून ठेवलेत का? नाही. हरकत नाही, आज मोजा, भिंतीवर तारखेसकट लिहा, आणि दिवाळीनंतर पुन्हा मोजा. तोवर मोठं काम घेण्यापूर्वी खालची बळीची फळी यंत्रानेच एकदा सपाट करून घेत जा.