पाठीचा कणा उघडताना

चेतासंस्थेवर लिहायचं, पण पाठ्यपुस्तक उतरवायचं नाही, असं संपादकांनी बजावलं होतं. म्हणून एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात गेले. विभागप्रमुखांनी आराखडा झटपट सांगितला. मेंदू आणि मज्जारज्जू ही मध्यवर्ती संस्था. मेंदूपासून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या आणि मज्जारज्जूपासून निघणाऱ्या ३१ जोड्या ही परिघीय. हृदय, आतडी, घामाच्या ग्रंथी आपल्याला न विचारता चालवते ती स्वायत्त. एवढं कुठल्याही पुस्तकात मिळतं. माझं लक्ष डायसेक्शन हॉलच्या टोकाच्या टेबलाकडे होतं. तिथे मामा एका देहाची पाठ उघडत होते.

विद्यार्थ्यांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. ते परिचर आहेत, पण मज्जारज्जू अखंड बाहेर काढायचा असला की मोठमोठे प्राध्यापकही त्यांनाच हाक मारतात. स्नायू बाजूला करून झाले होते. मामांनी करवतीने प्रत्येक मणक्याची मागची कमान दोन्ही अंगांनी कापत नेली, मग छिन्नी घालून सगळी पट्टी अलगद उचलली. हात जरा जड पडला की नसांची मुळं तुटतात, म्हणून ते मध्येच थांबून बोटाने चाचपत. खाली चरबीचा पातळ थर, त्याखाली राखाडी-पांढरं जाड आवरण. ते कात्रीने उभं चिरलं, आत कोळ्याच्या जाळ्यासारखा एक पापुद्रा होता, आणि त्याच्याही आत मज्जारज्जू.

तो इतका बारीक असेल असं वाटलं नव्हतं. जाडी जेमतेम करंगळीएवढी, लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. मानेखालच्या सगळ्या शरीराचे बहुतेक निरोप एवढ्याशा जागेतून जातात. हालचालीचे हुकूम पुढच्या मुळांतून बाहेर पडतात, स्पर्श आणि वेदना मागच्या मुळांतून आत येतात. मागच्या प्रत्येक मुळावर एक छोटी गाठ असते. मामांनी कमरेजवळची एक चिमट्याने दाखवली. अशा गाठीतल्या एकाच पेशीचा एक धागा पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरतो आणि दुसरा थेट मेंदूच्या तळापर्यंत चढतो. उंच माणसात ही एक पेशी दीड मीटरच्या आसपास पसरलेली असते. हे मी वाचलं होतं, पण ती गाठ समोर पाहिली तेव्हा कुठे ते खरं वाटलं.

मी सर्वांत जास्त रेंगाळले ते कमरेपाशी. कणा पुढे माकडहाडापर्यंत जातो, मज्जारज्जू मात्र कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत दोघांची लांबी सारखी असते. मग हाडं वेगाने वाढतात आणि रज्जू मागे पडतो. नसांना मात्र आपापल्या ठरलेल्या मणक्यांमधूनच बाहेर पडायचं असतं, म्हणून त्या तिरक्या, लांबच लांब खाली उतरत जातात. त्यांचा तो झुबका म्हणजे अश्वपुच्छ. पाठीतलं पाणी काढणारा डॉक्टर सुई इथे घालतो, कारण इथे रज्जू नसतो आणि सुटे धागे सुईपुढून बाजूला सरकतात. पण रज्जूचं टोक प्रत्येकात त्याच पातळीवर नसतं, कुणात वर, कुणात खाली. प्लॅस्टिकच्या मॉडेलमध्ये ते कायम एकाच जागी असतं. निरनिराळे देह उघडूनच विद्यार्थ्याला हा फरक कळतो.

आणि देहच मिळत नाहीत. १९४९ च्या कायद्याने बेवारस देह महाविद्यालयांना देता येतात, पण शवचिकित्सा झालेल्या देहाच्या रक्तवाहिन्या कापलेल्या असतात. त्यामुळे देह टिकवणारं फॉर्मलिन सगळीकडे पोचत नाही, आणि असा देह वर्षभराच्या विच्छेदनाला टिकत नाही. शेवटी मदार देहदानावर. तिथेही काही तासांच्या आत देह पोचायला हवा, नाहीतर मेंदू लवकर बिघडतो. ताज्या मेंदूला मऊ लोण्यासारखा स्वतःचा आकारही धरवत नाही. फॉर्मलिनमध्ये मुरल्यावरच तो कापण्याजोगा घट्ट होतो. मामांच्या सांगण्यानुसार अर्ज भरणारे बरेच असतात, पण मृत्यूनंतर घरून फोनच येत नाही. कधी मुलांना अर्जाचा पत्ता नसतो, कधी एखादे नातेवाईक अडून बसतात. घरचे नाही म्हणाले, तर भरलेल्या अर्जाचा काही उपयोग होत नाही.

मामा लवकरच निवृत्त होतील. त्यांच्या हाताखाली शिकणारा कुणी मला दिसला नाही, आणि याची मला खरोखर काळजी वाटते. करवत किती खोल न्यायची हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

तुम्ही देहदानाचा अर्ज भरला असेल, तर आजच घरात सगळ्यांना बसवून सांगा, आणि महाविद्यालयाचा फोन नंबर त्यांच्याकडे देऊन ठेवा. नेत्रदान केल्यावरही देहदान करता येतं.