रोगपरीक्षेचा दाखला आणि परदेशगमन

ज्यांचें कोणी ना कोणी समुद्रापलीकडे आहे अशीं कुटुंबें आमच्या वाचकांत थोडीं नाहींत. कोणाचे वडील आखाती देशांत नोकरीस असतात, कोणाचा भाऊ लंडन येथें शिकत असतो, कोणाची मावशी अमेरिकेंत संसार थाटून राहिलेली असते. सन २०२० ते २०२३ या काळांत अशा सर्व कुटुंबांस एका लहानशा कागदाचें महत्त्व कळून आलें. तिकीट हातीं आहे, पासपोर्ट व व्हिसा यथास्थित आहेत, परंतु कोविडच्या तपासणीचा दाखला नाहीं, अथवा दाखला आहे पण त्यावरील वेळ नियमांत बसत नाहीं, एवढ्याच कारणावरून मनुष्य विमानतळावरून परत फिरे. ते नियम आतां उठले आहेत. मग त्यांची चर्चा आज कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, साथी येतात आणि जातात. परंतु त्यांच्या वेळीं राष्ट्रें जे नियम करितात त्यांचें तत्त्व एकच असतें. तें एकदां नीट समजलें म्हणजे पुढील प्रसंगीं गोंधळ होत नाहीं. म्हणून तें तत्त्व काय व त्याचा हिशेब कसा करावा, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रोगाच्या भयानें मनुष्यास अडवून ठेवण्याची चाल फार जुनी आहे. जुन्या करारांतील लेवीय पुस्तकांत, अंगावर संशयास्पद चट्टा उठलेल्या मनुष्यास याजकानें सात दिवस वेगळें ठेवावें व सातव्या दिवशीं पुन्हां तपासावें, असा नियम आहे. आड्रियाटिक समुद्राच्या कांठीं असलेल्या रागूसा, म्हणजे हल्लींच्या दुब्रोव्निक, नगरानें १३७७ सालीं असा कायदा केला कीं, प्लेग असलेल्या ठिकाणांहून येणाऱ्यांनीं नगरांत शिरण्यापूर्वीं ३० दिवस बाहेर राहावें. पुढें ही मुदत ४० दिवसांची झाली. इटालियन भाषेंत चाळिसास 'क्वारांता' म्हणतात. त्यावरूनच 'क्वारंटाइन' हा शब्द निघाला. आमच्या प्रांताचाही या इतिहासाशीं संबंध आहे. १८९६ सालीं मुंबईस प्लेग उद्भवला, तेव्हां युरोपांतील राष्ट्रांनीं १८९७ सालीं व्हेनिस येथें परिषद भरवून त्या रोगाचा प्रसार रोखण्याचे नियम ठरविले.

त्या काळीं चाळीस दिवस कां थांबवीत? कारण रोग शरीरांत दडला आहे कीं काय, हें पाहण्याचें दुसरें साधनच नव्हतें. काळ हीच परीक्षा होती. आतां प्रयोगशाळेंत तपासणी होऊं लागल्यामुळें दिवसांचें काम तासांत होऊं लागलें. परंतु ही तपासणी काय सांगते आणि काय सांगत नाहीं, हें समजल्यावांचून नियमांचा अर्थ लागणार नाहीं.

पी. सी. आर. नांवाची पद्धति अमेरिकन शास्त्रज्ञ कॅरी मुलिस यांनीं १९८३ सालीं शोधून काढली; त्याबद्दल त्यांस १९९३ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. नाकांतून व घशांतून काडीनें घेतलेल्या नमुन्यांत विषाणूचा अंश अगदीं अल्प असला तरी या पद्धतीनें तो वाढवितां येतो. एका तुकड्याचे दोन, दोहोंचे चार, चारांचे आठ, असें दुपटीनें वाढत जाऊन ३० फेऱ्यांत त्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होतात, आणि मग तो यंत्रास दिसतो. कोविडच्या विषाणूचें बीजद्रव्य आर. एन. ए. या जातीचें असल्यामुळें प्रथम त्याची डी. एन. ए. रूपानें नक्कल करावी लागते, 'आर. टी.' हीं आद्याक्षरें त्या पायरीचीं आहेत. दुसरी तपासणी अँटिजेनची. ती पंधरा ते तीस मिनिटांत होते, परंतु विषाणू पुष्कळ असेल तेव्हांच ती त्यास नीट ओळखते.

तथापि उत्तम तपासणीसही मर्यादा आहेतच. ज्यास कालच रोगाचा संसर्ग झाला त्याच्या नमुन्यांत आज कांहींच आढळत नाहीं. आणि जो बरा झाला त्याच्या नमुन्यांत कित्येकदां कांहीं आठवडे मृत विषाणूचे अवशेष सांपडतात. म्हणून दाखला साक्ष देतो ती केवळ एका क्षणाची. नमुना घेतला त्या क्षणीं या मनुष्याच्या नाकाघशांत विषाणू आढळला नाहीं, एवढेंच तो सांगतो. त्यानंतर तो मनुष्य कोठें गेला, कोणाशीं बोलला, बाजारांत किती वेळ उभा राहिला, हें त्या कागदास ठाऊक नसतें. नमुन्याचा क्षण आणि परदेशीं उतरण्याचा क्षण यांमधील अंतर जितकें कमी, तितकी साक्ष अधिक भरंवशाची. सर्व देशांच्या निरनिराळ्या नियमांचें मूळ या एका वाक्यांत आहे.

आतां हे नियम पाहूं. भारत सरकारनें ऑगस्ट २०२० मध्यें ठरविलें कीं, सरकारी देखरेखीच्या विलगीकरणांतून ज्यांस सूट हवी त्यांनीं प्रवासापूर्वीं ९६ तासांच्या आंत केलेल्या तपासणीचा दाखला द्यावा. पुढें ही मुदत ७२ तासांवर आली, आणि फेब्रुवारी २०२१ पासून बाहेरून येणाऱ्या जवळजवळ सर्वांस असा दाखला सक्तीचा झाला. दुबईस जाणाऱ्या आमच्या लोकांस सन २०२१ च्या उत्तरार्धांत ४८ तासांच्या आंतील दाखला तर लागेच, शिवाय विमान सुटण्यापूर्वीं सहा तासांच्या आंत विमानतळावरच दुसरी तपासणी करावी लागे. अमेरिकेनें २६ जानेवारी २०२१ पासून तीन दिवसांची मुदत घातली. ओमिक्रॉन नांवाचा नवा प्रकार पसरतांच ६ डिसेंबर २०२१ पासून ती एका दिवसावर आणिली. भय वाढलें कीं मुदत आंखूड होई, हें यांत स्पष्ट दिसतें.

येथें एक उदाहरण घेऊं. विद्यार्थ्यांनीं तें कागदावर मांडून पाहावें. समजा, विमान मंगळवारीं रात्रीं ९ वाजतां सुटावयाचें आहे. तेथून ७२ तास मागें मोजले म्हणजे शनिवारची रात्र, ९ वाजतां, ही वेळ येते. एका प्रवाशानें शनिवारीं दुपारीं १२ वाजतां नमुना दिला असेल तर ८१ तास होतात, आणि भारताच्या नियमाप्रमाणें तो दाखला निरुपयोगी ठरतो. परंतु अमेरिकेचा पहिला नियम तासांचा नसून दिवसांचा होता. मंगळवारापूर्वीं तीन दिवस म्हणजे शनिवार; त्या दिवशीं केव्हांही घेतलेला नमुना चाले. तोच मनुष्य, तीच प्रयोगशाळा, तोच कागद. एका देशास ग्राह्य, दुसऱ्यास अग्राह्य! 'तीन दिवस' आणि 'बहात्तर तास' हे शब्द आपणांस एकच वाटतात. नियमांत मात्र ते एक नव्हेत.

हिशेबाची दुसरी बाजू अशी कीं, नमुना फार उशिरां देऊनही चालत नाहीं. अहवाल येण्यास कित्येक ठिकाणीं पुरा एक दिवस लागे, आणि कित्येक देशांत रविवारीं प्रयोगशाळा बंद असत. तेव्हां वरील प्रवाशानें सोमवारीं सकाळीं नमुना दिला तर मंगळवारीं दुपारपर्यंत अहवाल हातीं येण्याची आशा; सोमवारीं सायंकाळीं दिला तर सर्वच दैवाधीन. शिवाय विमानास विलंब झाला तर मुदत संपण्याची भीति असे. म्हणून सुज्ञ प्रवासी विमान सुटण्याच्या वेळेपासून उलट मोजी, दोन्ही बाजूंस कांहीं तास मोकळे ठेवी, आणि अहवालावरील छापण्याची वेळ व नमुना घेतल्याची वेळ यांत घोटाळा होऊं देत नसे. कारण बहुधा नमुन्याचीच वेळ धरीत.

वाटेंत विमान बदलावयाचें असल्यास अडचण दुप्पट होई. अमेरिकेच्या नियमांत, सर्व प्रवास एकाच आरक्षणावर असेल आणि मधला मुक्काम २४ तासांहून अधिक नसेल, तर पहिल्या विमानाच्या सुटण्यापासून मुदत मोजीत. परंतु तिकिटें वेगवेगळीं काढलीं असतील तर ही सवलत नसे. ज्या देशांत केवळ विमान बदलावयाचें त्याचाही स्वतःचा नियम असूं शके. तोही पाहणें भाग होतें.

दाखल्यावरील मजकुराविषयीं आमच्या लोकांस विशेष सावध राहावें लागे. आपल्याकडे स्वतःचें नांव, वडिलांचें नांव व आडनांव असा क्रम; कित्येक कारकून आडनांव आधीं लिहितात, कित्येक वडिलांचें नांव गाळतात. लग्न झालेल्या स्त्रीचा पासपोर्ट माहेरच्या नांवाचा आणि लसीचा दाखला सासरच्या नांवाचा, असेंही होई. परदेशच्या अधिकाऱ्यास आपल्या चालीरीति ठाऊक नसतात; त्याच्या दृष्टीनें नांवें दोन म्हणजे माणसें दोन. म्हणून पासपोर्टावर जसें नांव आहे तसेंच, अक्षरास अक्षर, दाखल्यावर असणें अवश्य असे.

कागदाचें महत्त्व कोठवर जाऊं शकतें, याचें ठळक उदाहरण सन २०२१ च्या शरदॠतूंत घडलें. पुण्याच्या सीरम संस्थेंत तयार होणारी कोविशील्ड लस ही ऑक्सफर्ड येथें शोधलेल्या लसीचीच आवृत्ति होती. असें असतां, ४ ऑक्टोबरपासून अमलांत येणाऱ्या ब्रिटनच्या नियमांप्रमाणें भारतांत दोन्ही मात्रा घेतलेला मनुष्य लस न घेतलेल्यांतच गणला जाणार होता. प्रथम लसच मान्य यादींत नव्हती. ती घातल्यावर भारताचा दाखला मान्य नव्हता. भारतानेंही त्याच दिवसापासून ब्रिटिश नागरिकांस प्रवासापूर्वीं, उतरल्यावर व आठव्या दिवशीं तपासणी आणि दहा दिवसांचें विलगीकरण लागू केलें. अखेर ११ ऑक्टोबरपासून ब्रिटननें भारतीय दाखला मान्य केला व भारतानेंही आपला नियम मागें घेतला. भांडण औषधाविषयीं नव्हतें, कागदाविषयीं होतें. त्याच सुमारास परदेशीं जाणाऱ्यांसाठीं भारतीय दाखल्यावर पूर्ण जन्मतारीख छापण्याची सोय झाली, हीही ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

नियम कठोर असले तरी ते अगदींच निर्दय नव्हते. १ डिसेंबर २०२१ पासून धोक्याच्या म्हणून ठरविलेल्या देशांहून भारतांत येणाऱ्यांस उतरतांच तपासणी, सात दिवस घरीं विलगीकरण व आठव्या दिवशीं पुन्हां तपासणी सांगितली होती. याजकाच्या सात दिवसांची आठवण कोणास होणार नाहीं? परंतु पांच वर्षांखालील बालकांस तपासणी माफ होती. त्याआधीं, फेब्रुवारी २०२१ च्या नियमांतही, घरांत मृत्यु घडल्यामुळें धांवत येणाऱ्यास आगाऊ अर्ज करून दाखल्यावांचून येण्याची परवानगी होती. ज्या मुलास पित्याचें अंत्यदर्शन घ्यावयाचें आहे त्यानें प्रयोगशाळेच्या दारीं दोन दिवस बसावें, असें नियम करणाऱ्यांसही वाटलें नाहीं. ही सवलत मात्र ज्यास ठाऊक होती त्यालाच उपयोगी पडली. नियमांतील अपवादही वाचले पाहिजेत, हें यावरून दिसून येईल.

एका गोष्टीचा उल्लेख खेदानें करावा लागतो. या काळांत खोटे दाखले विकणारे लोक निघाले. युरोपच्या पोलीस संघटनेनें, म्हणजे युरोपोलनें, फेब्रुवारी २०२१ मध्यें त्याबद्दल इशारा दिला होता. पैसे देऊन घेतलेला खोटा दाखला हा केवळ सरकारशीं केलेला कपट नव्हे. त्याच विमानांत शेजारच्या आसनावर एखादी वृद्ध आजी किंवा दुर्बळ फुप्फुसांचा रोगी बसलेला असतो. त्यानें आपला जीव त्या कागदाच्या भरंवशावर सोपविलेला असतो. दाखला आपल्या खिशांत असला तरी त्याचें रक्षण दुसऱ्यास मिळावयाचें असतें.

हळूहळू हे निर्बंध उठले. ब्रिटननें १८ मार्च २०२२ रोजीं, तर अमेरिकेनें १२ जून २०२२ रोजीं प्रवासापूर्वींची तपासणी बंद केली. भारतानें 'एअर सुविधा' हा अर्ज २२ नोव्हेंबर २०२२ रोजीं बंद केला. परंतु चीनमध्यें साथ उसळतांच १ जानेवारी २०२३ पासून चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर व थायलंड येथून येणाऱ्यांसाठीं तो पुन्हां सुरू झाला, आणि फेब्रुवारींत उठला. जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. गेलेला नियम दीड महिन्यांत परत येतो, हें ध्यानीं असावें.

आणि सर्वच दाखले गेले असेंही नाहीं. आफ्रिका व दक्षिण अमेरिका खंडांतील ज्या देशांत पिवळा ताप आहे तेथून भारतांत येणाऱ्यास त्या रोगाच्या लसीचा दाखला आजही लागतो. नसल्यास सहा दिवसांपर्यंत वेगळें राहावें लागतें. कारण तो रोग पसरविणारा डांस आपल्या देशांत आहे, रोग मात्र अद्याप नाहीं. हा दाखला लस टोंचल्यापासून दहाव्या दिवसानंतर ग्राह्य होतो, आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो. जो केनियास जाण्यापूर्वीं आदल्या दिवशीं लस घेईल व आठवड्याभरांत परतेल, त्याची कशी फजिती होईल, हें वाचकांनींच ताडावें.

तात्पर्य, प्रवासापूर्वीं नियम ज्या सरकारनें केला त्याच्याच प्रकाशनांत वाचावा, ऐकीव गोष्टीवर विसंबूं नये. वाचल्याची तारीख टिपून ठेवावी व निघण्याच्या आदल्या दिवशीं तो पुन्हां पाहावा. तास कीं दिवस, नमुना कीं अहवाल, पहिलें विमान कीं शेवटचें, हे प्रश्न स्वतःस विचारावे. आणि दाखल्याची छापील प्रत जवळ बाळगावी. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळजण पुढें दूरदेशीं जातील. त्यांनीं काळजीपूर्वक वाचणारे, अचूक मोजणारे व सत्य दाखला बाळगणारे प्रवासी व्हावें, आणि ज्या गांवीं उतरतील तेथील लोकांस त्यांच्या येण्यानें आनंदच व्हावा, अशी आमची इच्छा आहे.