तुटलेली तार आणि दुसरी वाट

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ हें गांव ज्योतिर्लिंगामुळें महाराष्ट्राला पूर्वींपासून परिचित आहे. त्याच परिसरांत चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली. अशा वेधशाळेची वार्ता वेळेवर पोहोंचावी लागते. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं अमेरिकेंतील व इटलींतील वेधशाळांनीं दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची दिशा कळविली, म्हणूनच दुर्बिणींना त्याचा प्रकाश त्याच रात्रीं सांपडला.

हिंगोलीच्या एखाद्या घरांत हाच प्रश्न लहान रूपानें उभा राहतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस असतो, आणि रस्त्याच्या खोदकामांत फायबर तुटते! यावर उपाय म्हणजे इंटरनेटच्या दोन वाटा ठेवणें: एक फायबरची, दुसरी मोबाइलची. दोन्ही वाटा ज्या राउटरला मिळतात त्यावर लिनक्स ही प्रणाली चालवितां येते. लिनस टॉर्वाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा आरंभ केला.

लिनक्सजवळ मार्गांची यादी असते व प्रत्येक मार्गाला मेट्रिक नांवाचा आंकडा दिलेला असतो. लहान आंकड्याचा मार्ग आधीं वापरला जातो. फायबरला १०० व मोबाइलला २०० दिले, कीं काम झालें असें अनेकांना वाटतें. तें खरें नव्हे. फायबर तुटते ती कोसभर दूर. राउटर व मोडेम यांमधील केबल शाबूतच असते. दिवा हिरवा दिसतो आणि राउटर मुकाट्यानें मेलेल्या वाटेवर पॅकेटें लोटीत राहतो. पुढचा पूल वाहून गेला तरी दाराशीं असलेली पत्रपेटी पत्रें घेतच राहते, तसाच हा प्रकार.

म्हणून दर कांहीं सेकंदांनीं दूरच्या दोन-तीन ठिकाणांना पिंग करून उत्तर येतें कीं नाहीं, हें पाहणारा एक छोटा प्रोग्राम लागतो. ही पिंग फायबरच्याच वाटेनें गेली पाहिजे. नाहीं तर ती मोबाइलवरून जाते, उत्तर येतें, फायबर सुधारली असा भ्रम होतो, आणि राउटर दोन वाटांमध्यें हेलकावे खात राहतो. सलग तीन वेळां उत्तर न आल्यासच वाट सोडावी. परततांना मात्र अधिक वेळ खात्री करून घ्यावी.

वाट बदलतांच घराचा बाहेरील पत्ताहि बदलतो, त्यामुळें चालू असलेलें व्हिडिओ-संभाषण तुटूं शकतें व अर्धवट भरलेला अर्ज पुन्हां उघडावा लागण्याचा संभव असतो. वीज गेल्यास राउटर व मोडेम दोघांनाहि बॅटरीचा आधार हवा. मोबाइलच्या मनोऱ्याची फायबर त्याच चरांतून गेलेली असेल, तर मात्र दोन वाटा नांवापुरत्याच.

चांचणी घेतांना राउटरची केबल ओढूं नये; मोडेममधील बाहेरून आलेली फायबर काढून पाहावी.