दोन नंबरची खुर्ची: ‘स्त्री’ मासिकाकडून दुकानदाराने काय शिकावं?

खोपटच्या आपल्या बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो: “मी चार दिवस गावाला गेलो तर गल्ल्यावर कोण बसणार?” आज याचं उत्तर एका मासिकात शोधूया.

१९२० साली किर्लोस्करवाडीत शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं हे पत्रक. पुढे त्याचंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० मध्ये त्यांनी खास बायकांसाठी ‘स्त्री’ काढलं. गंमत बघा, मासिक बायकांचं, पण संपादक पुरुष! आधी स्वतः शंकरराव, नंतर मुकुंदराव किर्लोस्कर.

१९६४ मध्ये विद्या बाळ तिथे सहाय्यक संपादक म्हणून आल्या. संपादकाची खुर्ची मिळाली १९८३ मध्ये. म्हणजे १९ वर्षं दोन नंबरवर! या काळात त्या नुसत्या टेबलावर बसून राहिल्या नाहीत. १९८२ मध्ये नारी समता मंच उभा करण्यात त्या पुढे होत्या. ज्या बाईसाठी मासिक निघतं, तिचे प्रश्न त्यांना जवळून माहीत होते.

१९८६ मध्ये त्या ‘स्त्री’तून बाहेर पडल्या आणि १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ हे स्वतःचं मासिक सुरू केलं. पाटी नवी, पण २२ वर्षांचं शिकलेलं काम सोबत होतं. पुढे तिथलं संपादकपद गीताली वि. मं. यांच्याकडे आलं. ३० जानेवारी २०२० ला विद्याताई गेल्या, मासिक मात्र चालू राहिलं.

आता आपल्या दुकानाचं बोलूया.

एक, दोन नंबरचा माणूस आजच तयार करा. खरेदी, उधारी, व्यापाऱ्यांचे फोन, सगळं त्याला दाखवा.

दोन, त्याला १९ वर्षं ताटकळत ठेवू नका. पाटी तुमच्या मालकीची असते, पण माणसाच्या हातातलं काम त्याच्याबरोबरच जातं. जबाबदारी दिलीत तर अधिकार आणि पगारही द्या.

तीन, तुम्ही हिंडते-फिरते असतानाच किल्ली त्याच्या हातात द्या. चुकला तर सांगायला तुम्ही आहातच.

आज दुकान वाढवल्यावर वहीत एकच नाव लिहा: तुमच्यानंतर कोण? नाव सुचत नसेल, तर उद्याचं पहिलं काम तेच.