ठिणगीची वाट

सावळद्याच्या पुलावरून तापी ओलांडून शिरपूरकडे येणाऱ्या मुंबई-आग्रा मार्गावर, जुन्या पेट्रोल गाडीचे बॉनेट उघडून बसलेला मिस्तरी ज्याला सहजगत्या ‘डेल्को’ म्हणतो, त्या काळ्या टोपीच्या यंत्राचे, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचे, हे नाव अमेरिकेतील डेटन या गावी १९०९ साली चार्ल्स केटरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्याने स्थापिलेल्या कंपनीच्या आद्याक्षरांवरून पडले आहे. बॅटरी, कॉइल आणि डिस्ट्रिब्यूटर यांच्या साहाय्याने ठिणगी पाडण्याची जी पद्धती त्या कंपनीने रूढ केली, तीच पुढे विलीज जीपमधून, फियाटमधून आणि अँबेसिडरमधून आपल्याकडे सर्वत्र पसरली. आणि आज एखादा हौशी मनुष्य जुन्या जीपचे इंजिन आपल्या मनाप्रमाणे नव्याने बांधू लागतो, तेव्हा कार्ब्युरेटर व पिस्टन यांचा तो रात्रंदिवस विचार करतो, परंतु त्या टोपीतून निघणाऱ्या पाच वायरी मात्र दुकानात लाल चकचकीत दिसल्या म्हणून उचलून आणतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वायर शक्ती निर्माण करीत नाही. कॉइलने १२ व्होल्टांचे पंधरा-वीस हजार व्होल्ट केले, आणि इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना प्रत्येक प्लगला सेकंदाला २५ ठिणग्या हव्या असल्या, तर तो दाब वाटेत कोठेही न गळता प्लगपर्यंत पोचविणे एवढेच तिचे इमान. म्हणून तिची निवड तिच्या दोन टोकांना काय बसविले आहे आणि मधल्या वाटेत उष्णता किती आहे, हे पाहूनच करावी.

तांब्याच्या गाभ्याची वायर ही सर्वांत जुनी आणि सर्वांत दणकट. तिचा रोध जवळजवळ शून्य. पॉइंट-कंडेन्सरची जुनी व्यवस्था कायम ठेवणाऱ्याने ती निःशंकपणे वापरावी. परंतु प्रत्येक ठिणगीबरोबर अशी वायर लहानशा प्रक्षेपकासारखी वागते. गाडीत जळगाव आकाशवाणी लावली तर इंजिनाच्या गतीबरोबर चढणारी खरखर ऐकू येते, आणि पॉइंट काढून तेथे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविले असेल, तर हाच उपद्रव त्या नाजूक पेटीला भ्रमित करून गाडी बंद पाडू शकतो. कार्बन मुरविलेल्या धाग्याची वायर हा उपद्रव शमविते. तिचा रोध दर फुटाला काही हजार ओहम असतो खरा, पण ठिणगीचा प्रवाह मुळातच इतका सूक्ष्म की त्याने इंजिनाचे बळ घटत नाही. तिचा खरा दोष आयुष्याचा आहे, कारण प्लगवरून काढताना टोपी न धरता वायरच ओढली की आतला धागा तुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तिसरा प्रकार गाभ्याभोवती बारीक तार मळसूत्रासारखी गुंडाळलेल्या वायरीचा. तिचा रोध थोडा, पण त्या वेटोळ्यांमुळे खरखर दबते. नव्या जुळणीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर माझा कौल तिलाच आहे, आणि त्यासाठी चार पैसे अधिक मोजावे लागले तरी ते मोजावेत.

जाडीचे माहात्म्य मात्र उगाच वाढविलेले आहे. सात किंवा आठ मिलिमीटर हा आकडा बाहेरच्या आवरणाचा, गाभ्याचा नव्हे. आणि आवरणात पाहावयाचे ते द्रव्य. वैशाखात खानदेशचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्यात बॉनेटखालची एक्झॉस्टची धग मिळाली की साधे रबर कडक होऊन भेगाळते. तेथे सिलिकॉनच टिकते.

मांडणीकडे तर फारच दुर्लक्ष होते. या चार सिलिंडरी इंजिनांचा ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा असतो; म्हणजे शेजारी असलेल्या तिसऱ्या आणि चौथ्याची, तसेच दुसऱ्या आणि पहिल्याची पाळी लागोपाठ येते. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून समांतर नेल्या, तर तिसरीतील दाब चौथीत प्रवर्तित होतो, आणि ज्या सिलिंडरात पेट्रोलवायूचे मिश्रण नुकतेच भरून दाबले जाऊ लागलेले असते, तेथे अर्धा फेरा आधीच ठिणगी पडण्याचा धोका उत्पन्न होतो. यास्तव या जोड्यांत अंतर राखावे, ओलांडणे अपरिहार्यच असेल तर काटकोनात ओलांडावे, आणि प्रत्येक वायर जागेवर मोजून, ताण न येईल पण लोंबणारही नाही इतकीच कापावी.

इंजिनच बदलले असेल तर मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे परिवहन कार्यालयाची मंजुरी घेऊन नोंदणीपुस्तकात तसा दाखला करून घ्यावा लागतो. ते काम आधी उरकावे.

मग अमावास्येच्या सुमारास, गॅरेजातले दिवे मालवून, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडावे आणि हात दूर ठेवून वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारावा. जेथे आवरण फुटले असेल तेथे निळसर ठिणगी रांगताना दिसेल. काहीच दिसले नाही, तरी इंजिनावर भार येऊन सिलिंडरातील दाब वाढल्यावरच ठिणगीला खरा जोर लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी माणसांनी भरून पळासनेरच्या पुढे बिजासन घाटाला लावावी, आणि ‘गाडी मिसिंग करस’ असे मागच्या बाकावरून कोणी म्हणते का, याकडे कान द्यावा.